मदत हवी आहे: इंग्रजीतले ‘आधी-नंतर’चे शब्द पेपरात उलटेच डोक्यात येतात

नमस्कार मंडळी,

मी अमळनेर तालुक्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.ए. सध्या एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्र सरकारी नोकरभरतीचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) सीएचएसएल परीक्षेची तयारी करतेय. गणित, बुद्धिमत्ता जमतं. पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न असतात, प्रत्येकी 2 गुण, आणि एक चुकला की अर्धा गुण जातो. मी तिथेच मार खाते. गेल्या महिन्यात आठ सराव पेपरांतल्या सगळ्या चुका एका वहीत उतरवल्या, तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त चुका एकाच जातीच्या आहेत. आधी कोण, नंतर कोण, किती वेळ, कितीदा, हे सांगणारे शब्द.

एक प्रश्न जसाच्या तसा आठवतो. शुक्रवारची बैठक दोन दिवसांनी ‘ब्रॉट फॉरवर्ड’ झाली, तर ती कोणत्या वारी? मी क्षणभरही न थांबता रविवारवर टिक केली. फॉरवर्ड म्हणजे पुढे, बैठक पुढे गेली, सरळ हिशोब. उत्तर होतं बुधवार. छापण्यात चूक असेल म्हणून मी शब्दकोश काढला. त्यातही तेच, ठरल्या वेळेच्या अलीकडे आणणे. त्या रात्री अभ्यासिकेतून घरी येईपर्यंत तोच शब्द डोक्यात फिरत होता. फॉरवर्डचा अर्थ अलीकडे कसा होईल?

तसंच ‘सक्सीड’. आम्हाला शाळेत शिकवलं, सक्सीड म्हणजे यशस्वी होणे. पेपरात आलं ‘द सक्सीडिंग चॅप्टर’, मी यशस्वी धडा समजून बसले. तो नुसता नंतरचा धडा होता. ‘प्रिसीड’ आणि ‘प्रोसीड’ मला अजून एकसारखेच दिसतात. ‘फॉर्मर’ (दोघांतला आधी आलेला) आणि ‘लॅटर’ (नंतर आलेला) उताऱ्यात आले की बोट ठेवून मागे जाऊन बघावं लागतं, त्यात वेळ जातो. ‘बायॲन्युअल’ आणि ‘बायेनियल’ मी तीनदा पाठ केले आणि तिन्ही वेळा विसरले.

क्लास लावायचा तर जळगाव किंवा धुळ्याला राहावं लागेल, ते या वर्षी शक्य नाही. कपाशीचं काय झालं ते आपल्या भागातल्यांना सांगायला नको. एका ठिकाणी ऑनलाइन कोर्सचे पैसे भरले होते. त्यात हजार शब्दांची यादी मिळाली, एबीसीडीप्रमाणे लावलेली. तशी यादी मला पाठ होत नाही. शब्द येतो, अर्थ येतो, पण वाक्यात बसला की आधी आणि नंतरची अदलाबदल होते.

म्हणून विचारतेय. मराठी माध्यमातून आलेल्या कोणी हे शब्द पक्के केले असतील तर कसे केले? आणि ही अदलाबदल का होते, हे कोणी सांगेल का? कारण कळलं तर मला लक्षात राहतं. पाठांतराने नाही राहत.

— कपाशीचंफूल

भादली_पॅसेंजर यांचा प्रतिसाद

ताई, मी भुसावळला नोकरी करतो. मीही मराठी माध्यमाचा, आणि याच शब्दांनी माझा एक अटेम्प्ट खाल्ला होता. तुमची चूक पाठांतराची नाही. आपल्या ‘पुढे’मध्ये दोन अर्थ आहेत, तिथे घोळ होतो.

जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, कापसाच्या गाड्यांची रांग आठवा. ‘माझ्या पुढे सहा गाड्या आहेत’ असं आपण म्हणतो. त्या सहा गाड्या तुमच्या आधी आल्यात आणि तुमच्या आधी मोजल्या जाणार. म्हणजे इथे पुढे म्हणजे आधी. आणि ‘काटा पुढच्या आठवड्यात होईल’ म्हटलं, तर पुढे म्हणजे नंतर. एकच शब्द, दोन उलट्या दिशा, आणि आपल्याला रोज बोलताना काही अडत नाही. इंग्रजीतल्या ‘ब्रिंग फॉरवर्ड’मध्ये रांगेतलं पुढे आहे. बैठकीची गाडी रांगेत पुढे घेतली, म्हणून ती लवकर मोजली गेली. ‘पुट बॅक’ म्हणजे गाडी रांगेत मागे नेली, उशीर झाला. ‘प्रिसीड’ हा त्याच रांगेतला. पुढे चालणारा, म्हणून आधीचा. ‘प्रोसीड’ म्हणजे फक्त चालू लागणे, कोणाच्या आधी-नंतरचा संबंध नाही. आपल्याकडे सर्रास चालणारा ‘प्रीपोन’ भारतीय इंग्रजीतला. पेपरात त्याच अर्थाने बहुतेक ‘ब्रिंग फॉरवर्ड’च दिसेल, म्हणून तो पक्का करा.

मी शब्द स्टेशनांवर बसवले. जळगावकडून भुसावळला संपणारी पॅसेंजर घ्या. म्हसावद, शिरसोली, जळगाव, भादली, भुसावळ. शिरसोली जळगावला ‘प्रिसीड’ करतं, भादली जळगावला ‘सक्सीड’ करतं. भादली ‘पेनल्टिमेट’, म्हणजे शेवटून दुसरं. जळगाव ‘अँटीपेनल्टिमेट’, शेवटून तिसरं. शिरसोली आणि म्हसावद ही ‘कॉन्सिक्युटिव्ह’, मध्ये काही न सोडता लागोपाठची. गाडी उलटी फिरली की ‘प्रिसीड’ आणि ‘सक्सीड’ची अदलाबदल होते, तसाही सराव करा, त्याने फार पक्कं होतं.

या अँटीवरून एक सांगतो. मराठीत लिहिताना दोन वेगळे उपसर्ग एकच दिसतात. एक ए-एन-टी-आय, विरुद्ध. दुसरा ए-एन-टी-ई, आधी. दुसरा लक्षात ठेवायला घड्याळ बघा. एएममधला ए म्हणजे अँटी, माध्यान्हीच्या आधी, आणि पीएममधला पी म्हणजे पोस्ट, माध्यान्हीच्या नंतर. ‘अँटीडेट’ म्हणजे आधीची तारीख टाकणे. ‘पोस्टपोन’ (पुढे ढकलणे), ‘पोस्टह्यूमस’ (मृत्यूनंतरचा) हे नंतरचे.

‘पोस्टह्यूमस’ला आपल्या मातीतलं उदाहरण आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 ला गेल्या आणि त्यांच्या कवितांचा संग्रह 1952 मध्ये निघाला. हा शब्द मी त्यानंतर विसरलो नाही.

खरा धोका ‘पुढे’पेक्षा ‘पासून’ आणि ‘पर्यंत’मध्ये आहे, तिकडे लक्ष द्या. आपण ‘2019 पासून शिकतोय’ म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून शिकतोय’ही म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’, कारण ती सुरुवातीची खूण आहे. दुसऱ्याला ‘फॉर’, कारण ती लांबी आहे. तसंच ‘सोमवारपर्यंत अर्ज दे’ आणि ‘सोमवारपर्यंत इथेच थांब’. पहिल्यात सोमवारच्या आत कधीही चालतं, तिथे ‘बाय’. दुसऱ्यात सोमवार येईस्तोवर सलग, तिथे ‘अन्टिल’. चुकीची जागा शोधायच्या प्रश्नांत हे दोन फार येतात.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला तारते. ‘वेळेवर’ म्हणजे ‘ऑन टाइम’, ‘वेळेत’ म्हणजे ‘इन टाइम’. गाडी वेळेवर आली, आणि मी गाडी सुटायच्या आत वेळेत पोचलो. हा फरक आपल्या जिभेवर आधीपासून आहे.

सातपुडापायथा यांचा प्रतिसाद

वरचं सगळं पटलं. ‘बायॲन्युअल’-‘बायेनियल’ या जोडीचं राहिलं ते सांगते. ‘बायेनियल’मधलं ‘एनियल’ ‘सेंटेनियल’मध्येही आहे, आणि शताब्दी शंभर वर्षांनी येते. म्हणून बायेनियल दोन वर्षांनी एकदा. ‘बायॲन्युअल’मध्ये ‘ॲन्युअल’ आख्खा आहे, एका वर्षात दोनदा. ‘बायवीकली’ला इंग्रजीतच दोन अर्थ आहेत, आठवड्यातून दोनदाही आणि दोन आठवड्यांनी एकदाही. त्यावर डोकं घालू नका. पंधरवड्याला ‘फोर्टनाइट’ लक्षात ठेवा, तो चौदा रात्रींचा.

आणि वाक्यांचा क्रम लावायच्या प्रश्नांना आईकडून भरताची कृती ऐका. खरंच सांगते. वांगी काड्यांवर भाजणं, सोलणं, ठेचणं, मग मिरची-लसणाची फोडणी. प्रत्येक पायरीत आधीच्या पायरीची खूण असते. ‘सोललेली वांगी’ हे शब्द आले की सोलणं होऊन गेलं. पेपरातल्या वाक्यांत हीच खूण ‘दिस’, ‘दीज’, ‘द लॅटर’, ‘सच’ या शब्दांत असते. ज्या वाक्यात असा शब्द आहे ते सहसा पहिलं येत नाही. मी आधी ते बाजूला काढते, मग बाकीची लावते.

कपाशीचंफूल

दोघांचे मनापासून आभार. वाचून झाल्यावर आबा जेवायला बसले होते, त्यांना विचारलं, ‘काल जिनिंगवर तुमच्या पुढे किती गाड्या होत्या?’ म्हणाले, ‘अकरा. आणि पुढच्या खेपेला पहाटेच निघू.’ एका दमात दोन्ही ‘पुढे’. मी ताट तसंच ठेवून वही आणली आणि दोन्ही लिहून घेतले. आईला मग सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, एवढं तर मला आधीच ठाऊक होतं.

आता यादी टाकून दिली. आपल्या भागातल्या तारखा घेऊन वाक्यं करतेय. आजची पाच देते (पहिली दोन काँग्रेसच्या अधिवेशनांवर आहेत), कोणी तपासेल का?

1. द लखनौ सेशन प्रिसीडेड द फैजपूर सेशन ऑफ डिसेंबर 1936.
2. हरिपुरा सेशन ऑफ 1938 सक्सीडेड इट.
3. बहिणाबाईज पोएम्स वेअर पब्लिश्ड पोस्टह्यूमसली.
4. नंदुरबार वॉज पार्ट ऑफ धुळे डिस्ट्रिक्ट बाय 1998.
5. द युनिव्हर्सिटी ॲट जळगाव हॅज बीन रनिंग सिन्स 1990.

भादली_पॅसेंजर

चौथं बघा. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला, तोवर ते सलग धुळ्यातच होतं. मग ‘बाय’ की ‘अन्टिल’? आणि दुसऱ्यात सुरुवातीला ‘द’ राहिला. बाकी तिन्ही बरोबर. उद्या ‘फॉर्मर’ आणि ‘लॅटर’ घालून पाच पाठवा, संध्याकाळच्या ड्यूटीआधी बघून ठेवतो.