‘लव्ह’ला यमके चारच, मग ‘प्रूव्ह’ आणि ‘इनफ’ यांना यमक म्हणावे का?

शिसपेन (धाग्याची सुरुवात)

मी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. स्वरचित इंग्रजी कवितांच्या स्पर्धेचे परीक्षण यंदा माझ्याकडे होते. एका विद्यार्थिनीने तीन कडव्यांची कविता दिली होती. तिच्या प्रत्येक कडव्याची दुसरी ओळ ‘लव्ह’ या शब्दावर संपत होती आणि चौथ्या ओळीच्या शेवटी अनुक्रमे ‘अबव्ह’, ‘प्रूव्ह’ आणि ‘इनफ’ हे शब्द होते. नियमावलीत ‘यमकबद्ध कविता’ असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे मी पहिली जोडी ग्राह्य धरली आणि उरलेल्या दोन जोड्यांचे गुण कापले. मुलीने वाद घातला नाही. तिने एवढेच विचारले, “मॅडम, मग मी तिथे काय लिहायला हवे होते?” त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

इंग्रजीतील निर्दोष यमकाचा नियम असा की शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून पुढचे सर्व उच्चार तंतोतंत सारखे हवेत आणि त्या स्वराच्या आधीचे व्यंजन मात्र वेगळे हवे. ही चाळणी लावली की ‘लव्ह’साठी रोजच्या वापरातले ‘अबव्ह’, ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’ आणि ‘शव्ह’ एवढे चारच शब्द उरतात. ‘टर्टलडव्ह’ आणि ‘फॉक्सग्लव्ह’ ही त्यांचीच पिल्ले आहेत. अमेरिकी उच्चारात ‘ऑफ’ हे अव्यय ‘अव्ह’ असे होते, त्यामुळे तिथल्या गीतकारांना पाचवा शब्द मिळतो. परंतु तो ओळीच्या शेवटी आघातासह आला तरच चालतो. म्हणजे प्रेमावर कविता लिहायला बसलेल्या कवीपुढे पारवा, हातमोजा, धक्का आणि ‘वर’ एवढेच सामान असते. हा तुटवडा मला मान्य आहे. पण तुटवडा आहे म्हणून मापच बदलावे, हे मला पटत नाही. आपले मत काय?

मात्रागण

आपण ‘प्रूव्ह’चे गुण कापलेत हे वाचून आश्चर्य वाटले. 1609 साली छापल्या गेलेल्या शेक्सपियरच्या सुनीतांपैकी 116 वे सुनीत काढून पाहावे. त्याच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘लव्ह’ आहे, चौथ्या ओळीच्या शेवटी ‘रिमूव्ह’ आहे आणि शेवटच्या दोन ओळी ‘प्रूव्ह्ड’ व ‘लव्ह्ड’ या शब्दांवर संपतात. इंग्रजीतील बहुधा सर्वांत जास्त वेळा उद्धृत झालेल्या प्रेमकवितेत ही जोडी एकदा सोडून दोनदा आली आहे. त्याच काळातला कवी मार्लो याच्या कवितेतल्या मेंढपाळानेही आपल्या प्रेयसीला हाक मारताना ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ यांचीच जोडी लावली होती. चारशे वर्षे कवींनी वापरलेली जोडी नियमाबाहेरची कशी ठरते? मला तर वाटते की नियमच नंतर आला आणि तो कवींना न विचारता आला.

गच्चीवरचा

मात्रागण यांचा पुरावा त्यांच्याच विरुद्ध जातो, हे नम्रपणे दाखवू इच्छितो. शेक्सपियरच्या काळात ‘लव्ह’चा स्वर आजच्यासारखा नव्हता. तो ‘पुट’ या शब्दातील ह्रस्व उकाराजवळचा होता आणि ‘प्रूव्ह’लाही तसाच ह्रस्व उच्चार उपलब्ध होता, असे त्या काळच्या उच्चारांचे अभ्यासक मानतात. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाने 2004 साली डेव्हिड क्रिस्टल या भाषातज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली शेक्सपियरचे नाटक जुन्या उच्चारांत सादर केले, तेव्हा आज मोडलेली वाटणारी कितीतरी यमके कानाला सरळ लागली. याचा अर्थ असा की शेक्सपियरने सवलत घेतलेली नाही. त्याचे यमक त्याच्या कानाला पुरते होते. पुढे सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा ह्रस्व उकार फुटून ‘लव्ह’मध्ये आजचा अकार आला आणि जोडी तुटली. त्यानंतरच्या कवींनी ती वापरली, ती केवळ थोरांनी वापरली होती म्हणून. वडिलांचे जोडे पायात येत नसताना घालून फिरण्याचा हा प्रकार आहे.

डोळ्यांना दिसणाऱ्या साम्याबद्दलही थोडे सांगतो. ‘लव्ह’, ‘मूव्ह’ आणि ‘ग्रोव्ह’ या तिन्ही शब्दांची शेवटची अक्षरे लिहिताना सारखी दिसतात, म्हणून लोकांना ते एका घरचे वाटतात. प्रत्यक्षात ‘लव्ह’ हा जुन्या इंग्रजीतील ‘लुफु’ या शब्दापासून आला आणि ‘मूव्ह’ व ‘प्रूव्ह’ हे फ्रेंचमधून आले. ‘लव्ह’मध्ये ‘ओ’ हे अक्षर शिरले ते लेखनिकांमुळे. त्या काळच्या हस्ताक्षरात ‘यू’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की नुसत्या उभ्या रेघांची गर्दी होई, म्हणून त्यांनी ‘यू’च्या जागी ‘ओ’ लिहायला सुरुवात केली. लेखनिकाच्या सोयीला काव्यशास्त्र मानायचे असेल तर मानावे. मी मानणार नाही.

रदीफ

इथे मराठी गझलेचा दाखला गैरलागू ठरू नये. सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’वर ज्यांचा पिंड पोसला, त्यांना काफियाच्या, म्हणजे गझलेतील यमकाच्या, आधीचा न बदलणारा स्वर, म्हणजे अलामत, सांभाळण्याची शिस्त ठाऊक आहे. तरीही आपल्याकडे स्वरकाफिया रूढ झाला आहे. त्यात शेवटचा स्वर जुळला की पुरते आणि व्यंजन वेगळे असले तरी चालते. त्यावर होणारे वाद जवळजवळ ह्याच शब्दांत होतात. एक पक्ष म्हणतो की ही पळवाट आहे आणि दुसरा म्हणतो की भाषेचा स्वभावच तसा आहे.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर तुकोबांचा आहे. ‘मृदु सबाह्य नवनीत । तैसे सज्जनाचे चित्त’ हे चरण आपण सगळे लहानपणापासून म्हणत आलो. ‘नीत’मधला ईकार दीर्घ आहे, ‘चित्त’मधला ह्रस्व आहे, आणि एका ठिकाणी एकेरी त आहे तर दुसरीकडे जोडाक्षर आहे. पुढच्याच कडव्यात ‘नाही’ला ‘हृदयी’ आले आहे. शिसपेन ताईंच्या गुणपत्रिकेत तुकोबांना किती गुण मिळाले असते?

शिसपेन

रदीफ यांचा टोला आवडला, पण तो मला लागत नाही. अभंग गायला जातो. गाताना ह्रस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ह्रस्व करून घेण्याची मुभा चालीतच असते. माझ्या विद्यार्थिनीची कविता कागदावर होती.

दुसरे असे की मराठीत यमकाचा तुटवडा नाही. क्रियापदांना आणि नामांना लागणारे प्रत्ययच यमके पुरवतात. ‘ओळखावा’ला ‘जाणावा’, ‘गांजले’ला ‘आपुले’. इतके सहज मिळते म्हणूनच आपल्याकडे नुसते ट ला ट आणि री ला री जुळवणाऱ्याची टिंगल होते. इंग्रजीने बहुतेक प्रत्यय गमावले. उरलेले एकाक्षरी शब्द व्यंजनाने बंद होतात, त्यामुळे प्रत्येक शब्दाला नात्यातले शब्द मोजकेच मिळतात. इंग्रजीत यमकांची टंचाई आहे ही तक्रार चौदाव्या शतकात चॉसर या कवीनेच करून ठेवली आहे. टंचाई असूनही जो कवी नेमका शब्द शोधतो, त्याचे कौतुक करण्यासाठीच तर स्पर्धा असते. जाता जाता, आपल्या ‘प्रेम’ची अवस्थाही फारशी चांगली नाही, ‘नेम’, ‘क्षेम’ आणि ‘हेम’ यांच्यानंतर आपणही थबकतो. पाडगावकरांनी ‘सेम’ इंग्रजीकडून घेतला, पण यमक पूर्ण जुळवले. व्यंजनही सोडले नाही आणि स्वरही सोडला नाही.

लीड्सवासी

मी गेली 12 वर्षे उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. आपण सर्वजण ‘लव्ह’चा उच्चार एकच आहे असे गृहीत धरून बोलत आहात. इथे तो तसा नाही. गच्चीवरचा यांनी सांगितलेला सतराव्या शतकातील बदल उत्तरेकडे पोहोचलाच नाही. इथला बसचालक किंवा भाजीवाली अनोळखी माणसालाही प्रेमाने ‘लुव्ह’ म्हणते, आणि त्यातला उकार स्पष्ट ह्रस्व असतो. या कानाला ‘लुव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ यांच्यात फरक उरतो तो मुख्यतः ह्रस्व-दीर्घाचा, म्हणजे नेमका ‘नवनीत’ आणि ‘चित्त’ यांच्यातला. मग निर्दोष यमक कोणाच्या तोंडचे धरायचे? लंडनच्या, न्यूयॉर्कच्या, लीड्सच्या की सांगलीच्या? अमेरिकी माणसाला मिळणारा पाचवा शब्द मूळ लेखात आपणच मान्य केला आहे, तो कोणत्या न्यायाने?

गच्चीवरचा

कवी ज्या बोलीत लिहितो त्या बोलीच्या न्यायाने, हे माझे उत्तर. ती विद्यार्थिनी लीड्सची असती तर ‘प्रूव्ह’बद्दल विचार करता आला असता. आपल्याकडे इंग्रजी शिकणारी मुले ‘लव्ह’ हा शब्द ‘दव’मधल्या अकारानेच उच्चारतात. त्यांच्या तोंडी ‘प्रूव्ह’चा स्वर सर्वस्वी वेगळा आहे. उरते ते फक्त शेवटचे व्यंजन.

या निमित्ताने सैल यमकांतही प्रतवारी असते हे सांगायला हवे, कारण सगळी एका दावणीला बांधली जात आहेत. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गीतलेखन शिकवणारे पॅट पॅटिसन ही यमके पायरीपायरीने लावतात. स्वर तोच आणि शेवटचे व्यंजन त्याच कुळातले असेल, तर ती सर्वांत वरची पायरी. ‘व्ह’ हा घर्षणाने निघणारा घोष ध्वनी आहे, म्हणून ‘बझ’ आणि ‘डझ’ हे ‘लव्ह’च्या कुळातले झाले. ‘इनफ’, ‘रफ’, ‘टफ’ आणि ‘स्टफ’ यांचा ‘फ’ तर ‘व्ह’चा सख्खा भाऊच आहे, ओठ आणि दात त्याच जागी, फक्त कंठातील कंप नाही. त्याखाली ‘ब्लड’ किंवा ‘कप’ येतात, ज्यांत केवळ स्वर जुळतो. सर्वांत तळाशी ‘लिव्ह’, ‘गिव्ह’, ‘मूव्ह’ यांच्यासारखे शब्द, ज्यांत केवळ व्यंजन जुळते. या हिशोबाने ‘इनफ’ हा ‘प्रूव्ह’पेक्षा कितीतरी जवळचा आहे.

तरीही मी त्याला पूर्ण गुण देणार नाही. स्टीव्हन साँडहाइम हे रंगभूमीचे गीतकार अचूक यमकाबद्दल आयुष्यभर आग्रही राहिले, आणि त्यामागे त्यांचे कारण प्रेक्षकाचा कान हे होते. नाटकातले गाणे एकदाच ऐकू येते. यमक अचूक असेल तर शब्द पटकन कळतो आणि ओळीचा नेम बसतो.

मात्रागण

म्हणजे ‘इनफ’ जवळचे आणि ‘प्रूव्ह’ दूरचे, हे आपण मान्य केलेत. शिसपेन ताईंनी मात्र दोन्हींना सारखीच शिक्षा दिली आहे. जॉन वॉकरने 1775 साली इंग्रजी यमकांचा कोश केला तेव्हाही निर्दोष यमके आणि चालण्याजोगी यमके असे दोन वर्ग त्याने केले होते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कोशकाराला जे दोन कप्पे सुचले ते आजच्या परीक्षकाच्या तक्त्यात का नसावेत?

जास्वंद

आतापर्यंतची सगळी चर्चा सैल यमकाला उणेपण मानून चालली आहे. मला मूळ गृहीतकच अमान्य आहे. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सन हिने ‘सोल’ला ‘ऑल’ लावले ते तिला ‘होल’ किंवा ‘रोल’ सुचले नाही म्हणून नव्हे. तिच्या मृत्यूनंतर 1890 साली तिच्या कविता पहिल्यांदा पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा संपादकांनी काही ठिकाणी तिची यमके ‘सुधारली’ आणि तिचा मूळ पाठ वाचकांच्या हाती येण्यासाठी 1955 सालापर्यंत थांबावे लागले. गुण कापण्याच्या वृत्तीचा हा जुना नमुना आहे. विल्फ्रेड ओवेन याने पहिल्या महायुद्धावरील कवितांत व्यंजने तीच ठेवून केवळ स्वर बदलला, म्हणजे ‘ग्रोइन्ड’ला ‘ग्रोन्ड’. यमक जुळेल असे वाटते आणि ऐन वेळी ते घसरते. खंदकात मेलेल्या माणसांबद्दल बोलताना टाळीला टाळी मिळाल्यासारखे यमक अश्लील वाटले असते.

आणि ‘प्रूव्ह’बद्दलच बोलायचे तर फिलिप लार्किन या इंग्रज कवीची अरुंडेलच्या दगडी समाधीवरची कविता पाहावी. हातात हात घेतलेल्या सरदार-पत्नीच्या त्या पुतळ्यांवरून तो प्रेमाच्या टिकण्याबद्दल बोलतो आणि कविता ‘लव्ह’ या शब्दावर संपते. त्याला यमक आहे दोन ओळी आधीचे ‘प्रूव्ह’. मधल्या ओळीत ‘जवळजवळ’ या अर्थाचा शब्द त्याने दोनदा वापरला आहे. जे जवळजवळ खरे आहे असे कवी म्हणतो, ते सिद्ध करू पाहणारा शब्दही ‘लव्ह’शी जवळजवळच जुळतो. तिथे ‘अबव्ह’ घातला असता तर कवितेचा सगळा संशय नाहीसा होऊन ती शुभेच्छापत्र झाली असती. यमकबद्ध कवितेत सैल यमक हा अर्थाचा भाग असू शकतो, हे परीक्षकाने निदान तपासावे एवढीच अपेक्षा आहे.

शिसपेन

काल ती कविता पुन्हा काढून मोठ्याने वाचली. ‘इनफ’ असलेल्या कडव्यात आई रात्री उशिरा डबा झाकून ठेवते आणि ‘पुरे’ म्हणते. तो शब्द तिथे अर्थासाठी आलेला आहे, आणि वाचताना कान अडखळला नाही. त्याचे गुण मी परत देते. जास्वंद यांच्या लार्किनपुढे मी निरुत्तर आहे. परंतु विद्यार्थिनीच्या ‘प्रूव्ह’मध्ये असा कोणताही संशय मला सापडला नाही. ‘मी माझे प्रेम सिद्ध करीन’ असे सरळ विधान तिथे आहे आणि पुढची ओळ ठाम आहे. अशा ठाम ओळीखाली निसटते यमक मला अजूनही चूकच वाटते, म्हणून ते गुण कापलेलेच राहतील. मुलीला मी हे सगळे दाखवले. तिने ‘प्रूव्ह’ची ओळ खोडून तिथे ‘ग्लव्ह’ आणला आहे. थंडीत बाबा स्वतःचा एक हातमोजा काढून तिला देतात.

रदीफ

ग्लव्हमध्ये अख्खा लव्ह बसलेला आहे. आपल्याच नियमाप्रमाणे स्वराच्या आधीचे व्यंजन वेगळे हवे होते ना? इथे तर दोन्हीकडे ल आहे.

शिसपेन

इंग्रजीत ‘ग्ल’ हे जोडव्यंजन संपूर्ण धरतात. ते नुसत्या ‘ल’पासून वेगळे असल्यामुळे यमक निर्दोष आहे. पूर्ण गुण दिले आहेत.