ओव्हन ठरवलेल्या तापमानाच्या पुढे जातो, नेमके काय तपासावे?

बी ३०४: नमस्कार. आमचा विजेचा ओव्हन आठवडाभरापासून प्रमाणाबाहेर तापतो आहे. काल बटण १८० अंशांवर असताना आत ठेवलेल्या तापमापकाने २६० अंश दाखवले. थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) बदलावा असे घरातल्यांचे मत आहे, पण दोष तिथेच आहे हे भाग मागवण्यापूर्वी कसे ओळखावे?

ए १०२: ताई, निरोगी ओव्हनचेही तापमान ठरवलेल्या आकड्याच्या दहा-पंधरा अंश वर-खाली होत राहते, त्यामुळे एकाच नोंदीवरून मी निष्कर्ष काढत नाही, मात्र ८० अंशांचा फरक हा निश्चितच बिघाड आहे. बटण १०० वर ठेवून समोरच उभ्या राहा आणि तापण्याचा दिवा मध्येमध्ये विझतो का, एवढे पाहून कळवा.

बी ३०४: काका, वीस मिनिटे पाहिले, दिवा एकदाही विझला नाही. १५० अंश ओलांडताच मी ओव्हन बंद केला. बटण शून्यावर नेल्यावर दिवा विझतो.

ए १०२: ही शेवटची नोंद फार उपयोगाची आहे. थर्मोस्टॅटचे संपर्क (वीज जोडणारे-तोडणारे भाग) वितळून एकमेकांना चिकटले असते, तर दिवा बहुधा शून्यावरही पेटलेला राहिला असता. आता ओव्हनचा एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा स्विच) खाली करून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर, आतल्या भिंतीवरची तांब्याची बारीक नळी आणि तिच्या टोकाचा लांबट फुगा पाहा. हा फुगा क्लिपमधून सुटून मागच्या छिद्रातून बाहेर सरकला असेल, तर त्याला आतली उष्णता कळतच नाही आणि कॉईल (ओव्हन तापवणारी तार) तापतच राहते. हे कारण बिनखर्चाचे असल्यामुळे आधी तेच तपासावे.

बी ३०४: फुगा जागेवर आहे, पण नळी एका ठिकाणी दुमडलेली दिसते.

सी २०२: आमच्याकडे असेच झाले होते आणि सुरक्षेचा कटआउट (ओव्हन फार तापल्यास वीज तोडणारा भाग) सारखा वीज तोडत होता, तेव्हा तो वायरने जोडून आम्ही काही दिवस काम चालवले.

ए १०२: कृपया असे कोणीही करू नये, हे मी कळकळीने सांगतो. थर्मोस्टॅट निकामी झाल्यावर कॉईल थांबवणारा तो एकच भाग उरतो. तो वगळला तर तारांचे आवरण आणि भोवतालचे लाकडी कपाट यांपर्यंत उष्णता पोहोचायला अडथळाच राहत नाही.

ताई, दुमडलेल्या जागी नळीला चीर गेली असेल, तर आतले द्रव गळून गेलेले असते. ते उष्णतेने फुगून संपर्क उघडते; ते नसेल तर थर्मोस्टॅटला ओव्हन कायम थंडच वाटतो. इलेक्ट्रिशियनला थर्मोस्टॅट बाहेर काढायला सांगा. बटण ५० वर ठेवून फुगा उकळत्या पाण्यात धरला की टक असा आवाज येऊन मल्टिमीटरवर (विजेची जोडणी तपासणारे उपकरण) संपर्क तुटलेला दिसला पाहिजे. तुटला नाही, तर भाग बदलण्याला पर्याय नाही.

ई ४०३: आमचा ओव्हन डिजिटल आहे. त्यालाही हेच लागू होते का?

ए १०२: नाही. तिथे द्रवाऐवजी तापमान ओळखणारा सेन्सर असतो. अनेक ओव्हनमधल्या पीटी १००० जातीच्या सेन्सरचा रोध (विजेला होणारा अडथळा) शून्य अंशाला १००० ओहम आणि २५ अंशांना सुमारे १०९७ ओहम असतो. तो बरोबर आला आणि तरीही कॉईल थांबत नसेल, तर सर्किटवरचा रिले (कॉईलची वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटल्याचा संशय घ्यावा.

बी ३०४: काका, पाण्याची चाचणी आज झाली. संपर्क तुटला नाही आणि नळीच्या दुमडीवर तेलकट डागही सापडला. जुन्या भागावरचा क्रमांक आणि नळीची लांबी जुळवून नवा थर्मोस्टॅट मागवला आहे. तो बसेपर्यंत ओव्हनचा एमसीबी खालीच राहील.