एकत्र कुटुंब कॅनडात गेले आहे: आईवडिलांचे मन तिथे कसे रमेल आणि गिरगावच्या खोलीचे काय करावे?

गिरगावचा धाकटा

नमस्कार. माझे थोरले बंधू आधी एकटेच कॅनडाला गेले, नोकरीत स्थिर झाल्यावर त्यांनी वहिनी आणि तीन मुलांना नेले आणि गेल्या ऑक्टोबरात आमचे आईवडीलही सुपर व्हिसावर, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्यांच्या पालकांना दीर्घकाळ राहू देणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसावर, त्यांच्याकडे राहायला गेले. टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात हे सात जण सध्या तीन बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहतात. माझे बिऱ्हाड बोरिवलीला आहे. गिरगावातील चाळीत आमची पागडीची, म्हणजे एकरकमी रक्कम देऊन घेतलेली भाड्याची खोली आहे, ती वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर आहे आणि ते गेल्यापासून तिला कुलूप आहे.

घरात सर्वांत कठीण अवस्था अण्णांची आहे. मंत्रालयातील नोकरीतून निवृत्त झाल्यावरही त्यांचा दिवस भरलेला असे. सकाळी चौपाटीपर्यंत फेरी, येताना भाजी, मग गॅलरीत बसून वर्तमानपत्र, आणि श्रावण लागला की चाळीच्या गणेशोत्सवाचे हिशेब. तिथे सकाळी आठनंतर घर रिकामे होते, रस्त्यावर चालणारे माणूस दिसत नाही, पदपथावर बर्फ असल्यामुळे घसरण्याची भीती वाटते आणि डिसेंबरात तर पावणेपाचलाच अंधार पडत होता. ते तक्रार करत नाहीत, परंतु फोनवर त्यांचे बोलणे फार कमी झाले आहे. आई तीन वर्षांच्या नातवामागे आणि स्वयंपाकात इतकी गुंतलेली आहे की तिला विचारले तर ‘मी बरी आहे’ एवढेच ती म्हणते. पंधरा वर्षांची पुतणी दहावीच्या वर्गात आहे. तिला इंग्रजीच्या नेहमीच्या तासाऐवजी परभाषकांसाठीच्या इंग्रजीच्या तासाला बसवले, हा तिला अपमान वाटतो. मधला पुतण्या मात्र शाळा आणि मित्र यांत चांगला रमला आहे.

दादांचे म्हणणे असे की सर्वांनी निदान एक वर्ष एकत्र काढावे, कारण मध्येच कोणी परतले तर उरलेल्यांचा धीर सुटेल. मला मात्र अण्णांची काळजी वाटते. ज्यांच्या घरातील तीन पिढ्या अशा एकदम परदेशी गेल्या आहेत, त्यांनी वडीलधाऱ्यांचे दिवस कसे मार्गी लावले, आणि इकडे राहिलेल्या माणसाने काय करावे, हे कृपया सविस्तर सांगावे. चाळीतील शेजाऱ्यांकडून असेही कळले की घरमालकाचा माणूस आमच्या खोलीची चौकशी करून गेला.

मुलुंडकर

मी सहकुटुंब, म्हणजे आईवडिलांसह, ऑन्टारिओत बरीच वर्षे राहून मुंबईला परतलो आहे. आपल्या बंधूंचा हेतू चांगला आहे, हे आधी सांगतो. परंतु सात माणसे एकाच वेळी रुळावीत ही अपेक्षा सोडून दिल्याशिवाय घरातील ताण कमी होणार नाही. नोकरी करणाऱ्याला कार्यालय मिळते आणि मुलांना शाळा मिळते. वृद्धांचे मात्र इकडचे सगळे काम सुटते आणि तिकडे त्याच्या जागी काहीही मिळत नाही. म्हणून अण्णांना विश्रांतीची नव्हे, तर त्यांच्यावाचून अडेल अशा एखाद्या कामाची गरज आहे. आमच्या वडिलांकडे आम्ही घराचा संपूर्ण खर्च लिहिण्याचे आणि बिले वेळेवर भरली जातात की नाही हे पाहण्याचे काम दिले. मंत्रालयात फायली सांभाळलेल्या माणसाला हे निश्चित जमेल आणि घरालाही त्याचा उपयोग होईल.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याची. हिवाळ्यात त्यांना एकट्याने बर्फावरून चालायला लावू नये; परंतु मिसिसागातील मोठे मॉल सकाळपासून उघडे असतात आणि तिथे अनेक ज्येष्ठ नागरिक रोज फेऱ्या मारायला येतात. बुटांना लावायची काट्यांची पट्टी स्वस्तात मिळते, ती घ्यावी. बसचा एक मार्ग दादांनी त्यांच्याबरोबर जाऊन-येऊन पक्का करून द्यावा. सार्वजनिक ग्रंथालय हे तिकडचे फार मोठे सुख आहे. तिथे उबेत बसता येते, वर्तमानपत्रे असतात, आणि आठवड्यातून काही वेळा नवागतांसाठी इंग्रजी संभाषणाचे गटही भरतात. सरकारी खर्चाने चालणारे इंग्रजीचे वर्ग मात्र कायम निवासी असलेल्यांसाठी आहेत. सुपर व्हिसावर आलेली व्यक्ती कागदोपत्री पाहुणीच असते, म्हणून तिला त्यांचा लाभ मिळत नाही. टोरोंटोचे मराठी भाषिक मंडळ गणेशोत्सवासारखे कार्यक्रम करते. अण्णांनी तिथे प्रेक्षक म्हणून जाण्यापेक्षा हिशेबाच्या मदतीला जावे, असे दादांनी मंडळाशी आधीच बोलून ठेवावे.

आता विम्याविषयी. सुपर व्हिसासाठी निदान 1 लाख कॅनेडियन डॉलरचे संरक्षण देणारा, एक वर्ष मुदतीचा आरोग्य विमा घ्यावा लागतो, तो तुम्ही घेतलाच असेल. परंतु तो तातडीच्या उपचारांसाठी असतो. नेहमीची तपासणी आणि रोजची औषधे त्यात येत नाहीत, आणि प्रांताची सरकारी आरोग्य योजनाही पालकांना लागू होत नाही. रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर बहुतेक पॉलिसींत तो आजार ठरावीक काळ ‘स्थिर’ असल्याची अट असते, आणि औषधाचा डोस बदलला तरी तो अस्थिर धरला जाऊ शकतो. हे कलम दादांनी ओळीनओळ वाचावे. त्याचबरोबर भारतातील मेडिक्लेम अजिबात बंद करू नये. हप्त्यात खंड पडला तर आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी पुन्हा सुरू होतो, आणि तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो.

पार्ल्याची शिक्षिका

मी फक्त पुतणीविषयी लिहिते, कारण माझे अनेक विद्यार्थी या वयात परदेशी गेले आहेत आणि पंधराव्या वर्षी शाळा बदलणे किती जड जाते हे मी जवळून पाहिले आहे. मोठ्यांना वाटते की मुले लवकर मिसळतात. दहा वर्षांचे मूल मिसळते. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी मात्र ठरून गेलेल्या असतात, आणि नव्या वर्गातल्यांच्याही.

तिला प्रथम ही व्यवस्था नीट समजावून सांगा. ऑन्टारिओत नववी ते बारावी मिळून 30 क्रेडिट (एक पूर्ण विषय उत्तीर्ण झाल्यावर साधारणपणे एक क्रेडिट मिळते) पूर्ण करावे लागतात, 40 तासांचे समाजकार्य करावे लागते आणि दहावीच्या सुमारास साक्षरता चाचणी द्यावी लागते. आपल्या एसएससीसारखी सर्व काही ठरवणारी एकच परीक्षा तिथे नसते. प्रत्येक विषयाचे 70 टक्के गुण वर्गातल्या कामावर मिळतात आणि 30 टक्के शेवटच्या मूल्यमापनावर. म्हणजे जी मुलगी रोजचे काम नेटाने करते, तिला ही पद्धत अनुकूल आहे.

परभाषकांसाठीच्या इंग्रजीच्या तासाबद्दल तिची समजूत घालणे फार आवश्यक आहे. त्या अभ्यासक्रमाच्या पाच पायऱ्या आहेत. बारावीनंतर मिळणाऱ्या शालेय पदविकेसाठी इंग्रजीचे जे चार क्रेडिट सक्तीचे असतात, त्यांपैकी तीनपर्यंत क्रेडिट याच तासांचे धरले जाऊ शकतात. चौथे मात्र बारावीच्या नेहमीच्या इंग्रजीचे लागते. तेव्हा तिचे वर्ष वाया जात नाही. कोणत्या सत्रात ती नेहमीच्या वर्गात जाऊ शकेल, हे तिने स्वतः शाळेच्या समुपदेशकांना विचारावे. वडिलांनी तिच्या वतीने विचारण्यापेक्षा तिने विचारणे बरे.

दक्षता घ्यायची ती विषयांच्या निवडीत. पुढच्या वर्षाचे विषय साधारणपणे फेब्रुवारीच्या आसपास भरून घेतले जातात, आणि नव्याने आलेल्या पालकांना त्याचे महत्त्व कळत नाही. गणिताची सोपी शाखा निवडली, तर विद्यापीठाकडे नेणारे बारावीचे विषय पुढे घेता येत नाहीत. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी बारावीचे निदान सहा विद्यापीठ-पातळीचे विषय लागतात, म्हणून कोणत्या वाटेने जायचे ते मागे मोजत मोजत आजच ठरवावे. आणि एक विनंती आहे. तिला धाकट्या भावाला सांभाळण्याच्या कामात अडकवू नका. शाळा सुटल्यानंतरच्या खेळात आणि मंडळांतच तिला मैत्रिणी मिळतील.

लालबागचा चाळकरी

खोलीच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, आणि माझ्या मते सर्वांत तातडीचा प्रश्न तोच आहे. आमच्या भाडेकरू संघात अशी प्रकरणे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 प्रमाणे, दाव्याच्या तारखेआधी सलग सहा महिने जागा वाजवी कारणाशिवाय वापरात नसेल, तर घरमालक ताबा मागू शकतो. ऑक्टोबरापासून कुलूप असेल तर आपण दिवस मोजायला हवेत. घरमालकाचा माणूस उगाच आलेला नाही.

कोणाला तरी भाड्याने देऊन खोली ‘वापरात’ ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हेही ताबा मागण्याचे वेगळे कारण ठरते. आपण स्वतः, पत्नी आणि मुले तिथे नियमित राहायला जा, स्वयंपाक करा, वीज वापरा. बेस्टचे दर महिन्याचे वीजबिल हा फार बोलका पुरावा असतो. भाडे वेळेवर भरून पावती घ्या, आणि मालक पावती देत नसेल तर मनीऑर्डरने पाठवून तिचा कागद जपा. अण्णांचे शिधापत्रिका आणि आधारवरील पत्ते घाईने बदलू नका.

वारसाहक्काचा मुद्दाही नाजूक आहे. भाडेकरूच्या पश्चात त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळतो, आणि आपले बिऱ्हाड बोरिवलीला आहे. म्हणून मालकाला एक ओळही लिहून देण्यापूर्वी लघुवाद न्यायालयात भाडे प्रकरणे चालवणाऱ्या वकिलांना सर्व कागद दाखवा. ते न्यायालय धोबी तलावाला, आपल्या गिरगावच्या शेजारीच आहे.

दादरची आजी

मी आणि हे, आम्ही दोघे मुलाकडे कॅनडात राहून येतो, म्हणून आईच्या बाजूने लिहिते. सर्वांना अण्णांची काळजी वाटते, कारण ते गप्प बसलेले दिसतात. आई कामात असते म्हणून ती बरी आहे असे सगळे धरून चालतात. गिरगावात तिच्याकडे भांड्यांना बाई येत असेल, कोळीण दारात येत असेल, गॅलरीत चार बायका बोलायला असतील. तिथे सात माणसांचा स्वयंपाक, तीन वर्षांचा मुलगा आणि बोलायला कोणी नाही. सुनेलाही नोकरी असल्यामुळे तिचाही दोष नाही. परंतु नातवाला सांभाळणे हा प्रेमाचा भाग आहे, ती आजीची नोकरी होता कामा नये, आणि हे मुलाने स्वतः आईला बोलून दाखवावे लागते. आमच्याकडे आठवड्यातील दोन संध्याकाळी मुलगा आणि नात स्वयंपाक करतात, मग तो कसाही होवो.

ऑन्टारिओत मूल ज्या कॅलेंडर वर्षात चार वर्षांचे होते, त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याला पूर्ण दिवसाच्या बालवर्गात घेतात. धाकटा नातू यंदा चार वर्षांचा होत असेल, तर आईचे दिवस सप्टेंबरापासून मोकळे होतील. तोपर्यंत दोघांनी उन्हाळा मुंबईत काढायचा की हिवाळा, हे त्यांना ठरवू द्या. आम्ही दिवाळीनंतर मुंबईत येतो आणि तिकडचा बर्फ वितळल्यावर जातो. सुपर व्हिसावर दहा वर्षांपर्यंत अनेकदा ये-जा करता येते आणि 2022 पासून प्रत्येक प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येते. मग परत येणे म्हणजे हार कशी? पासपोर्टची मुदत मात्र पाहून ठेवा.

आणि आपण मुंबईतून फोन करता तो रात्री साडेनऊला करा. हिवाळ्यात तिथे सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात दुपारचे बारा. त्या वेळी घरात हे दोघेच असतात.

गिरगावचा धाकटा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. उत्तरे मी दादांना वाचून दाखवली. आजींचे लिखाण वाचताना ते मध्येच थांबले आणि त्यांनी आईला फोनवर बोलावले. अण्णांकडे घरखर्चाची वही दिली आहे, आणि शेजारच्यापेक्षा आपले गॅसचे बिल जास्त का येते याचा ते शोध घेत आहेत. पुतणीने समुपदेशकांची वेळ घेतली आहे. आम्ही या शनिवारपासून खोलीवर राहायला जातो आहोत आणि वकिलांचीही भेट ठरली आहे.

आईअण्णांनी एप्रिलात मुंबईला यावे आणि बालवर्ग सुरू होण्याच्या सुमारास परत जावे, असा विचार चालू आहे. अण्णांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, तेव्हा ते तिथे असतील. आणि वर्षाचा विमा मध्येच थांबवला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मिळतात का?

मुलुंडकर

बहुतेक कंपन्या कोणताही दावा केलेला नसेल तर न वापरलेल्या दिवसांचा परतावा देतात, पण अटी कंपनीनुसार बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी एजंटाकडून लेखी विचारून घ्यावे. परतल्याचा पुरावा म्हणून बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरील शिक्क्याची प्रत जपून ठेवावी. पुन्हा जाताना नवा विमा लागेल, आणि तेव्हा ‘स्थिर’ आजाराची मुदत नव्याने तपासली जाते. म्हणून मुंबईत असताना औषधांत बदल करायचा झाल्यास तो आल्याबरोबर करून घ्यावा, निघण्याच्या तोंडावर नको. अर्थात डॉक्टरांनी बदल आवश्यक आहे असे सांगितले तर विम्यासाठी तो कधीही टाळू नये. हयातीच्या दाखल्याची चिंता नको. ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सेवेचा डिजिटल दाखला मोबाइलवर चेहरा ओळखूनही काढता येतो, आणि टोरोंटोतील भारतीय वाणिज्य दूतावासातूनही दाखला मिळतो. अण्णा एप्रिलात येतील तेव्हा त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, एवढे पाहून घ्या.