टेक्सास: सिटीच्या हॉलमध्ये मराठी शाळा, पिस्तूलबंदीची पाटी आम्हाला लावता येईल का?

नमस्कार मंडळी, डॅलस परिसरात आम्ही रविवारची मराठी शाळा चालवतो. आजवर वर्ग पब्लिक स्कूलच्या इमारतीत भरायचे. आता सिटीच्या कम्युनिटी सेंटरमधली खोली भाड्याने घ्यायची आहे. पालकांचा पहिलाच प्रश्न: तिथे कोणी शर्टाआड पिस्तूल खोचून आलं तर?

शाळेत हा प्रश्न नव्हता. टेक्सासच्या दंडसंहितेचं कलम ४६.०३ तिथे बंदूक न्यायला मनाई करतं. पण त्यातला 'शाळेचा कार्यक्रम' शाळेच्याच मालकीच्या आणि ताब्यातल्या जागेत हवा, म्हणजे सिटीच्या खोलीत आम्ही बहुधा त्यात बसत नाही. सिटीच्या इमारतींचं तर उलटंच आहे. कोर्ट, मतदान केंद्र अशा ठरावीक जागा सोडल्या तर लायसन्सवाल्याला आत पिस्तूल नेता येतं. इतर ठिकाणी सिटीने दंडसंहितेच्या कलम ३०.०६ची पाटी (लायसन्सवाल्याला लपवलेलं पिस्तूल आत आणायला मनाई करणारी) लावली तर सिटीलाच दंड होतो, २०१५ च्या कायद्याने. २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना बाहेर पिस्तूल बाळगायला लायसन्सही लागत नाही.

माझा प्रश्न इथे अडतो. जागा सिटीची, पण भाडेकरू खाजगी संस्था असेल तर ती संस्था बंदी घालू शकते का? स्टेट फेअरचं, म्हणजे डॅलसला भरणाऱ्या राज्याच्या वार्षिक जत्रेचं प्रकरण आठवत असेल. फेअर पार्क डॅलस सिटीच्या मालकीचं, जत्रा भरवणारी संस्था खाजगी, ना-नफा. २०२३ च्या जत्रेत गोळीबारात तिघे जखमी झाल्यावर २०२४ ला त्यांनी बंदुकांवर बंदी घातली. टेक्सासचे अ‍ॅटर्नी जनरल (राज्य सरकारचे मुख्य वकील) पॅक्स्टन त्याविरुद्ध कोर्टात गेले, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जत्रेआधी ती बंदी थांबवली नाही. मात्र त्यांचा करार मोठा, आमची खोली दोन-तीन तासांची. तो आधार आम्हाला लागू पडेल?

आमच्या पालकांपैकी काहींकडे लायसन्स आहे, त्यांच्या हक्काबद्दल वाद नाही. पण सहा वर्षांची पोरं बाराखडी गिरवत बसतात त्या खोलीत पिस्तूल नको, हे माझं ठाम मत आहे.

टेक्सासमधल्या कुठल्या मंडळाने सिटीचा हॉल घेताना भाडेकरारात असं कलम घालून घेतलं आहे का? पाटी कायद्यातल्याच शब्दांत, इंग्रजी-स्पॅनिश दोन्हीत, इंचभर उंच अक्षरांत लागते एवढं कळलं, पण ती दारावर लावायची परवानगी कोणी दिली? मंदिराचा हॉल खाजगी असल्याने तिथे ही अडचण नाही, पण वेगवेगळे वर्ग बसवायला खोल्या नाहीत. ना-नफा संस्थांना कमी फीमध्ये सल्ला देणारा वकील माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. करारावर सही याच महिन्यात करायची आहे.