मदत हवी आहे: बंदुकीच्या कायद्यातलं लॉजिक कोणी समजावेल का?

अमेरिकेतला 1934 चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट वाचतोय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. रायफलची नळी 15.9 इंच भरली की फेडरल रजिस्ट्रेशन, नाही केलं तर थेट गुन्हा, 16 भरली की काही नाही, आणि साधं पिस्तूल, जे खिशात मावतं, ते त्या यादीतच नाही! मूळ बिलात पिस्तुलं होती, ती वगळली आणि छोट्या नळीचं कलम तसंच राहिलं, इथवर कळलं. पण शॉटगनला (छर्ऱ्यांच्या बंदुकीला) नळीची मर्यादा 18 इंच का? आणि सायलेन्सर (बंदुकीचा आवाज कमी करायला नळीच्या टोकाला लावतात तो), तो नॉर्वेत शिकारी कान वाचवायला सर्रास लावतात, अमेरिकेत मात्र मशीनगनच्या पंगतीला बसवलाय (सिनेमातल्यासारखा 'फुस्स' आवाज होत नाही हो त्याने). कोणी नीट अभ्यास केला असेल तर सोप्या भाषेत सांगा प्लीज.