विमान देखभालीचं काम पण करिअरच्या यादीत टाका

वर एकांनी म्हटलंय की ज्यांना ठरलेल्या पद्धतीनंच काम करायला आवडतं त्यांनी सरळ बँक नाहीतर तलाठ्याची परीक्षा द्यावी, बाकी कुठं अशा लोकांना किंमत नाही. बँकेचं ठीक, पण बाकी कुठं किंमत नाही हे अजिबात पटलं नाही भाऊ. आपल्या नागपुरातच मिहानमध्ये विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे, बोइंगनं उभारलेलं, आणि त्या कामात तर 'मला असं सुचलं म्हणून केलं' याला जागाच नाही. माझा मामेभाऊ याच लाईनमध्ये आहे, तो सांगतो की नट किती आवळायचा हेसुद्धा मॅन्युअलमध्ये आकड्यात दिलेलं असतं, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं नट आवळायचा पाना) हातात घेतला की आधी त्याच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे तो अचूक आहे का ते तपासल्याची तारीख बघायची, काम झालं की कामाच्या कार्डावर सही, आणि पॅनल बंद करायच्या आधी सगळी हत्यारं मोजून जागेवर आली का ते बघायचं, एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. विमानाच्या कंट्रोलसारखं (विमान वळवणाऱ्या, वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेचं) नाजूक काम असलं तर दुसरा माणूस ते परत स्वतंत्रपणे तपासतो. याला कोणी 'डोकं न वापरायचं काम' म्हणत असेल तर मला खरंच राग येतो.

या लाईनमध्ये यायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. विमान देखभालीच्या लायसन्ससाठी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) मॉड्यूल परीक्षा, म्हणजे विषयवार पेपर, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, दोन्ही हवं. खाजगी कॉलेजची फी बरीच असते, त्यामुळं पैसे भरायच्या आधी त्याला डीजीसीएची मान्यता आहे का ते डीजीसीएच्याच वेबसाईटवर स्वतः बघा.