मदत हवी आहे : चुलीवर पांढरा रस्सा फुटतोय

पन्हाळ्याच्या पायथ्याला शेतावर मुक्काम, माणसं २५, मटण ५ किलो. (शिकार १९७२ च्या कायद्यानं बंदच, त्यामुळे रानातलं जेवण म्हणजे बाजारातलं बोकड.) वीज नाही, मिक्सर नाही. तीन दगडांची चूल, ॲल्युमिनियमचं पातेलं, बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप, म्हणजे काजळी घासत बसायला नको.

मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवायचं, अळणी पाणी (मटण शिजलेलं, तिखट न घातलेलं पाणी) तांबड्या आणि पांढऱ्या रश्शाला निम्मं-निम्मं घ्यायचं. तांबड्याची काळजी नाही. कांदा-लसूण मसाला घरचा आहे, कट नीट सुटतो.

घोळ पांढऱ्याचा. ४ नारळांचं दूध, खसखस १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम. वाटण घरूनच नेतो. दूध घातलं की जाळ एकाच बाजूला भडकतो, तिथं उकळी फुटते आणि कडेला बारीक कण दिसायला लागतात. लाकडं ओढून निखाऱ्यावर ठेवलं तर फुटत नाही, पण मागून येणाऱ्यांना गार रस्सा. पुन्हा तापवला की फुटलाच!

विचारायचं एवढंच:
१. अळणी पाण्यावरची चरबी आधी काढून घेतली तर फरक पडेल का?
२. दूध दुपारी काढून नेलं तर मे महिन्यात रात्रीपर्यंत आंबतं. जागेवर खवून, कोमट पाण्यात कुस्करून पिळलेलं दूध पुरेसं दाट येतं का, की नारळ वाढवावेत?
३. दोन तास गरम कसा ठेवायचा? उकळत्या पाण्याच्या घमेल्यात पातेलं ठेवून कुणी बघितलंय का?

मैदा, कॉर्नफ्लॉवर सुचवू नका. तो रस्सा नव्हे, खळ होते.